ससाणा फ्रेममध्ये येतच नाही, आला तर हललेला येतो: यावर माझं सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की १५०-६०० एमएमची झूम लेन्स आहे, शटर स्पीड १/४००० सेकंद ठेवताय, तरी बहिरी ससाण्याचे फोटो एकतर हललेले येतात नाहीतर फोकस मागच्या झाडीवर जाऊन बसतो, आणि अर्ध्या वेळा पक्षी फ्रेममध्ये सापडतच नाही, तर आता नवीन बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा, घ्यावी का. शिवाय पुढच्या महिन्यात एका कड्यावर ससाण्याचं घरटं आहे तिथे जायचं म्हणताय. घरट्याचं शेवटी बोलते, पण ते नक्की वाचा.

मी सोळा-सतरा वर्षं जवळजवळ फक्त शिकारी पक्षीच काढतेय, त्यातही जास्त वेळ ससाणे आणि भोवत्यांच्या (हॅरियर) मागे गेलाय, आणि माझं मत अगदी स्पष्ट आहे. हा फोटो बटण दाबल्यावर होत नाही, त्याच्या आधीच्या तीन-चार सेकंदांत होतो. पक्षी किती लवकर दिसला, दिसल्यावर लेन्स किती पटकन त्याच्यावर गेली, आणि बटण दाबेपर्यंत तुम्ही त्याच्या वेगाने फिरायला लागला होता की नाही, एवढ्यावर सगळं ठरतं. तुमच्या लेन्समध्ये मला काही खोट दिसत नाही.

आधी शटरचा हिशोब करू, कारण सगळे तिथेच अडकतात. बहिरी ससाणा सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो हे आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं, त्यामुळे आपण शटर वाढवत बसतो. पण तुम्ही जे फोटो काढताय ते त्या सुराचे नाहीतच, ते साध्या सरळ उडण्याचे आहेत आणि त्यात तो ताशी साधारण ७० किलोमीटरने जातो, म्हणजे सेकंदाला २० मीटरच्या आसपास. आता फुल फ्रेम (३६ एमएम रुंद सेन्सरचा) कॅमेरा, ६०० एमएम आणि पक्षी ४० मीटरवर असं धरा. तेवढ्या अंतरावर तुमच्या फ्रेमची रुंदी होते साधारण २.४ मीटर. म्हणजे कॅमेरा नुसता धरून ठेवला तर ससाणा या टोकाकडून त्या टोकाला सेकंदाच्या आठव्या भागात निघून जातो. आणि १/४००० मध्ये तो ५ मिलिमीटर सरकतो, २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर ते बारा-तेरा पिक्सेल झाले. डोळ्यातली चमक पुसायला तेवढे भरपूर झाले. उलट तुम्ही त्याच्या बरोबरीने नीट फिरलात तर १/२००० ला सुद्धा डोळा लखलखीत येतो, पंखाची टोकं थोडी हलली तर हलू देत, उलट छान दिसतात. मी स्वतः बहुतेक वेळा १/२५०० ला असते, प्रकाश भरपूर असला की १/३२००. त्याच्या वर जाऊन आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवण्यात मला काही मिळालेलं नाही.

तर मुद्दा पॅनिंगचा, म्हणजे उडत्या पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवत नेण्याचा आहे, आणि पॅनिंग म्हणजे हात फिरवणं नव्हे, कमरेतून फिरणं. फोटो जिथे मिळेल असं वाटतंय त्या दिशेला पाय रोवायचे आणि मग कंबर वळवून पक्षी जिथून येणार तिकडे बघायचं. म्हणजे तो जवळ येईल तसा अंगाचा पीळ सुटत जातो आणि नेमक्या क्षणी तुम्ही सगळ्यात मोकळे असता. बहुतेक जण उलट करतात, पक्षी दिसला की त्याच्याकडे तोंड करून उभे राहतात आणि तो बाजूला येईपर्यंत कंबर पिळवटलेली असते, पॅन अडखळतो आणि जी फ्रेम हवी होती तीच हलते. डावा हात लेन्सच्या पुढच्या बाजूला, शक्य तेवढा हूडकडे (पुढच्या टोपीकडे), आणि कोपर बरगडीला टेकवलेलं. बर्स्ट (सलग फ्रेमचा मारा) थांबला तरी फिरणं थांबवायचं नाही, निदान अर्धा सेकंद तरी तसंच पुढे जायचं, कारण आपण थांबायचं मनात आणलं की हात बोटाच्या आधीच मंदावतो. ट्रायपॉड आणि जिंबलवर (जड लेन्स तोलून फिरवणाऱ्या हेडवर) काढणारे खूप चांगले लोक आहेत, पण ससाण्यासारखा डोक्यावरून आडवातिडवा जाणारा पक्षी असेल तर मी हातातच धरते, आणि हात भरून आले तर दहा मिनिटं खाली ठेवते. लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढणारी सोय) पॅनिंगच्या मोडला ठेवा, नेहमीच्या मोडला ते आडव्या हालचालीशीच भांडत बसतं.

आता पक्षी सापडत नाही त्याचं, कारण मला वाटतं तुमची खरी अडचण हीच आहे. ६०० वर व्ह्यूफाइंडरमधून जेमतेम साडेतीन अंशांचा तुकडा दिसतो, हात लांब करून दोन बोटं जोडून धरली तर जेवढं झाकलं जातं तेवढाच. त्या तुकड्यात उडता पक्षी शोधायचा म्हणजे चुकणार हे धरूनच चालायचं. म्हणून एकतर तुमच्याकडे झूम आहे तर तो वापरा, ३००-३५० ला पक्षी पकडा, फोकस लागू दे, मग पॅन चालू ठेवूनच पुढे झूम करा. दुसरं म्हणजे कॅमेरा डोळ्याला लावल्यावर पक्षी शोधू नका, नजर पक्ष्यावर तशीच ठेवा आणि कॅमेरा त्या नजरेच्या रेषेत वर आणा, मान हलवायची नाही. दुसरा डोळा उघडा ठेवायची सवय लागली तर फारच उत्तम, मला त्याला दोन-तीन महिने लागले होते पण आता बंद ठेवून काढताच येत नाही.

आणि तिसरी गोष्ट आहे ती फार कोणी सांगत नाही म्हणून जरा खोलात जाऊन सांगते. एकदा मी एका कड्यासमोर सकाळपासून बसले होते, दहा वाजेपर्यंत काही नाही, तेवढ्यात समोरच्या खडकावर एक सरडा ऊन खायला आला, तीन-साडेतीन मीटरवर, त्याचे चार फोटो काढले. दोनच मिनिटांत खालून कबुतरं एकदम उसळली आणि त्यांच्या मागे ससाणी, अगदी माझ्या डोळ्यांच्या पातळीवर, पाठीवर ऊन, छातीवरच्या आडव्या रेघा नुसत्या डोळ्यांनी मोजता याव्यात इतकी जवळ. कॅमेरा वर केला आणि आत सगळं राखाडी. पक्षी नाही, कडा नाही, आकाश कुठे संपतं तेही कळेना. फोकस अजून त्या सरड्याच्या अंतरावरच होता, आणि ६०० ला तीन मीटरवर फोकस असेल तर ४० मीटरवरचा पक्षी नुसता धूसर दिसत नाही, तो विरघळून जातो, कॅमेऱ्यालाही तिथे पकडायला काही उरत नाही, मग तो पुढे-मागे फोकस शोधत राहतो. लेन्स पलीकडच्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत ससाणी वळून कड्यामागे गेली होती. त्या दिवसापासून माझी सवय अशी की दर दोन-तीन मिनिटांनी, पक्षी असो वा नसो, ज्या अंतरावर तो येईल असं वाटतं त्या अंतरावरच्या एखाद्या दगडावर किंवा फांदीवर फोकस लावून ठेवते. तुमच्या लेन्सला फोकस लिमिटरचं बटण असेलच, ते जवळचं अंतर वगळणाऱ्या खुणेवर ठेवा आणि विसरून जा. एवढं एक केलंत तरी फरक दिसेल.

लवकर दिसण्यासाठी नजर कुठे ठेवायची हेही सांगते. ससाण्याला शोधू नका, त्याच्या भक्ष्याकडे बघा. कबुतरांचा थवा अचानक आवळला, सगळे एकदम एकाच बाजूला वळले, लहान पक्ष्यांचा किलबिलाट तुटल्यासारखा थांबला, कावळे वर बघून ओरडत निघाले, की कॅमेरा हातात हवा. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ससाण्यांवर छोटे कॅमेरे आणि जीपीएस लावून अभ्यास केला होता, तो २०१७ मध्ये आला, त्यात दिसलं की ससाणा भक्ष्य आत्ता जिथे आहे तिकडे धावत नाही, क्षेपणास्त्र जसं आपला रोख बदलत लक्ष्याला मधेच गाठतं तसाच काहीसा तो भक्ष्याला आडवा जाऊन गाठतो. फोटोसाठी याचा अर्थ एवढाच की थवा ज्या दिशेला पळतोय त्याच्या पुढची जागा बघा, ससाणा तिथे येतो. सुराच्या मागे वरून खाली कॅमेरा ओढत बसलात तर हाती काही लागत नाही, मीसुद्धा इतक्या वर्षांत पूर्ण सुराचा मनासारखा फोटो काढू शकलेली नाही. सूर संपवून तो पंख उघडून वर उचलतो ना, तिथे मात्र वेग कमी होतो, अंग तिरकं होतं, पंखांची आतली बाजू दिसते, तिथे मिळतो फोटो.

वारा आणि ऊन दोन्ही पाठीमागे असतील अशी जागा शोधा. ऊन पाठीशी हवं हे सगळ्यांना माहीत असतं, वाऱ्याचं कोणी बघत नाही. पक्षी उडताना आणि बसताना वाऱ्याला सामोरा जातो, त्यामुळे वारा तुमच्या पाठीवर असेल तर तो तुमच्याकडे तोंड करून येणार, आणि समोरच्या जोरदार वाऱ्यात त्याचा जमिनीच्या हिशोबाने वेगही कमी होतो. वारा तुमच्या तोंडावर असेल तर दिवसभर शेपट्याच मिळतील. ऊन खाली असतानाचे पहिले दोन-अडीच तास घ्या म्हणजे पंखाखाली प्रकाश जातो. दुपारी काढायचंच असेल तर खाली पाणी, वाळू किंवा बर्फ असेल तिथे, खालून परतणारा उजेड पोटाला लागतो.

फोकसच्या सेटिंगबद्दल पटकन. कंटिन्युअस म्हणजे एएफ-सी किंवा सर्व्हो (हलत्या पक्ष्यावर सतत लागत राहणारा फोकस), तोही बॅक बटनवर, म्हणजे शटरऐवजी कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर. मागे मोकळं आकाश असेल तर मोठा फोकस एरिया आणि बर्ड डिटेक्शन (कॅमेऱ्याने पक्षी आपोआप ओळखणं) चालू, काही विचार करायची गरज नाही. मागे झाडी किंवा कडा आला की तोच मोठा एरिया घात करतो, तिथे छोटा झोन घ्या, आणि ट्रॅकिंगची सेन्सिटिव्हिटी लॉक्ड ऑनच्या (एकदा धरलेला पक्षी सहज न सोडण्याच्या) बाजूला एक-दोन पायऱ्या सरकवा म्हणजे क्षणभर पक्षी झोनमधून सुटला तरी कॅमेरा लगेच मागे उडी मारत नाही. आणि बॅक बटन सतत दाबून धरू नका. दाबा, सोडा, परत दाबा. पक्षी झोनमध्ये नसताना बटण दाबलेलं राहिलं की फोकस झाडीवर जाणारच, त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. सरळ अंगावर येणारा पक्षी सगळ्यात अवघड, कारण ६०० ला एफ ६.३ अपर्चरवर (लेन्सच्या उघड्या छिद्रावर) २० मीटर अंतराला फोकसमध्ये राहणारी जाडी जेमतेम ४० सेंटीमीटर असते आणि सेकंदाला २० फ्रेम काढल्या तरी दोन फ्रेमच्या मधे तो एक मीटर पुढे आलेला असतो. तिथे थोडं लांबून, ४०-५० मीटरवरूनच बर्स्ट सुरू करा. टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मधे लावायचं, आणखी मोठं दाखवणारं जोड-भिंग) मात्र ठेवून द्या, १.४ चा लावला तरी एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश, जातो, आणि त्या लेन्सवर फोकसही मंदावतो.

एक्स्पोजर पूर्ण मॅन्युअल. मला यात दुसरं मत नाही, निदान ऊन स्थिर असेल तेव्हा तरी. ससाणा आकाशातून निघून काळ्या कड्यासमोरून जातो तेव्हा त्याच्यावर पडणारं ऊन बदललेलं नसतं, फक्त मागचं बदललेलं असतं, पण ऑटोमधला कॅमेरा आकाशासमोर पक्ष्याला काळा करतो आणि कड्यासमोर त्याची पांढरी छाती उडवतो. तुम्ही पोचल्या पोचल्या उन्हातल्या एखाद्या मधल्या छटेच्या दगडावर एक्स्पोजर लावा, पांढरं काही असेल तर ते जळत नाही ना हे हिस्टोग्रामवर (उजेड-अंधाराच्या आलेखावर) बघा आणि मग हात लावू नका. ढग ये-जा करत असतील तर मॅन्युअल शटर-अपर्चर आणि ऑटो आयएसओ, त्यात आकाशासमोर अधिक एक ते अधिक दीड कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याच्या अंदाजापेक्षा मुद्दाम जास्त उजेड).

एक गोष्ट मात्र कुठल्याच सेटिंगने सुटत नाही, ती म्हणजे तापलेल्या जमिनीवरची थरथरणारी हवा. फोटो सगळे किंचित मऊ येताहेत, एकही धारदार नाही, आणि पक्षी ८०-१०० मीटरवर आहे, तर लेन्सला दोष देण्याआधी लांबचा एखादा दगड मोठा करून बघा, त्याची कड वितळल्यासारखी हलत असेल तर त्या दिवशी लांबचे फोटो सोडून द्या. गाडीतून काढत असाल तर काच उघडल्यावर आतली आणि बाहेरची हवा सारखी होईपर्यंत थांबा, इंजिन बंद.

सराव ससाण्यावर करू नका, तो दिवसातून दोनदा दिसणार, त्यात शिकायचं कधी? घारींवर करा. घार वळताना शेपटी सुकाणूसारखी पिळते, ती पिळली की ती कुठे वळणार हे कळायला लागतं आणि हे वाचता येणं हाच अर्धा सराव आहे. मग खरूची (केस्ट्रेल) किंवा कापशी घार, या हवेत एका जागी पंख मारत थांबतात, आणि खरूचीचं तर बाकी अंग वाऱ्याने हलत असताना डोकं खिळ्याने ठोकल्यासारखं एका जागी असतं, फोकस आणि एक्स्पोजर पक्कं करायला याहून सोपा पक्षी नाही. भोवत्या शेतावरून, गवतावरून अगदी खालून जातो आणि बऱ्याचदा त्याच त्याच वाटेने परत येतो, त्यामुळे पहिल्या वेळी फोटो न काढता वाट बघून ठेवायची, मग आडोसा धरून खाली बसायचं. ऑस्प्रेचा (मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्याचा) पाण्यात पाय पुढे करून शिरण्याचा फोटो सगळ्यांना हवा असतो, मला त्याच्या नंतरचा जास्त आवडतो, तो मासा घेऊन वर येतो आणि पाण्यापासून काही मीटरवर हवेतच कुत्र्यासारखं अंग झाडतो, पाण्याचे थेंब गोल उडतात, आणि मग माशाचं तोंड पुढे करून पंजात धरतो. लोक तोपर्यंत कॅमेरा खाली घेऊन स्क्रीन बघत असतात. फांदीवर बसलेला कुठलाही शिकारी पक्षी उडण्याआधी बहुतेक वेळा पुढे झुकतो, शेपटी उचलतो आणि विष्ठा टाकतो, ते दिसलं की बोट बटणावर, साधारण दोन-चार सेकंद असतात तुमच्या हातात.

मग बॉडी घ्यावी का. आत्ता नको. नवीन मिररलेसमध्ये पक्ष्याचा डोळा धरून ठेवणारा फोकस खरंच चांगला आहे आणि प्री-कॅप्चरमुळे (बटण पूर्ण दाबण्याआधीच्या फ्रेम साठवण्याच्या सोयीमुळे) उडण्याच्या क्षणाच्या आधीच्या फ्रेमही मिळतात, मी ते रोज वापरते. पण डोळा ओळखायला पक्षी आधी फ्रेममध्ये असावा लागतो. इलेक्ट्रॉनिक शटरने काढणार असाल तर सेन्सर वेगाने वाचला जाणारा हवा, नाहीतर पंख वाकडे येतात. एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये बंदुकीसारखा खांद्याला लावायचा कॅमेरा बनवून उडते पक्षी सेकंदाला १२ फ्रेमने काढले होते, आणि बंदुकीचा आकार घेतला तो निशाणा धरून पक्ष्याबरोबर फिरता यावं म्हणूनच. दोन-तीन महिने घारींवर रोज अर्धा तास काढा, तरी फोकस मागेच राहतोय असं दिसलं तर बॉडीचा विचार करा.

आता घरटं. ससाणा घरटं बांधत नाही, कड्याच्या कपारीत माती उकरून तीन-चार अंडी घालतो आणि महिनाभर उबवतो. मादी उठून गेली की अंडी गार पडतात किंवा उन्हात तापतात. नंतरचा धोका कमी लोकांना माहीत असतो, पिल्लं उडायच्या बेताला आलेली असताना माणूस जवळ गेला की ती घाबरून वेळेआधीच उडी मारतात आणि खाली पडतात. ब्रिटिश फोटोग्राफर एरिक हॉस्किंग १९३७ मध्ये घुबडाच्या घरट्याजवळ गेला होता आणि त्याचा एक डोळा कायमचा गेला. ससाणीही झडप घालते, पण मला तुमच्यापेक्षा तिची काळजी जास्त आहे. त्यामुळे माझी कळकळीची विनंती आहे की कड्याच्या वरून जाऊ नका, कपारीच्या समोर बसू नका, ड्रोन तर नकोच. कड्याच्या बाजूला, खूप लांब, त्यांची ये-जा होते त्या वाटेच्या कडेला बसा, फोटो तिथेच चांगले मिळतात कारण नर भक्ष्य घेऊन येतो आणि मादी उडून हवेतच ते त्याच्याकडून घेते. तुम्ही बसल्यावर मादी कर्कश, एकसारखं केक-केक-केक ओरडत तुमच्यावरून फिरायला लागली, किंवा नर भक्ष्य पंजात धरून नुसत्या घिरट्या घालतोय आणि कपारीत जात नाहीये, तर तुम्ही जास्त जवळ आहात, उठा आणि मागे जा, ती शांत होऊन परत बसली हे दुर्बिणीतून बघेपर्यंत मागे जात राहा. आणि फोटो कुठेही टाकण्याआधी त्यातली जीपीएस माहिती काढा, कडा ओळखू येईल अशी फ्रेम पिल्लं उडून जाईपर्यंत स्वतःजवळच ठेवा.